हिरवा आकडा

मंगळवारी सकाळी नाश्त्याच्या ताटल्या उचलता उचलता ईश्वरी डोईफोडे आपल्या वस्तू वाटायला लागली आणि हरणवाडीच्या मुलींच्या निरीक्षणगृहात एकच गलका झाला.

गलका व्हायला कारण होतं. या गृहातून सुटणारी मुलगी इथली एकही वस्तू बरोबर नेत नाही. साबणाची वडीसुद्धा नाही. नेली तर ती वस्तू तिला पुन्हा इथे ओढून आणते, अशी मुलींची ठाम समजूत. हा नियम कुणी केला, कधी केला, कुणालाच ठाऊक नाही. सरकारी नियम दर वर्षी बदलतात, पण हा मात्र उज्ज्वला बनसोडे इथे गृहमाता म्हणून रुजू झाली त्याच्याही आधीपासून चालत आलाय, म्हणजे निदान एकोणीस वर्षं. बाल न्याय मंडळाकडून सुटकेचा आदेश आला की मुलगी आपली पेटी उघडते, एकेक वस्तू एकेकीच्या हातावर ठेवते आणि अंगावरच्या कपड्यांनिशी फाटकाबाहेर पडते. मागून सगळ्याजणी घसा फोडून ओरडतात, "पुन्हा तोंड दाखवू नकोस गं बये!" असा आशीर्वाद जगात दुसरीकडे कुठे देत असतील असं उज्ज्वलाला वाटत नाही.

ईश्वरीने खोबरेल तेलाची अर्धी बाटली अल्फियाला दिली. अल्फिया तिची शेजारची खाट, भांडायलाही तीच आणि वेणी घालायलाही तीच. लोकरीची टोपी धाकट्या स्वरालीला दिली, रंगीत पेन्सिली कुणाला, पायमोजे कुणाला. शेवटी ती उज्ज्वलापाशी आली आणि तिच्या हातात एक रुमाल ठेवला. कोपऱ्यात निळं गोकर्णीचं फूल भरलेलं. दोन महिने ते फूल अर्धवट लोंबत होतं, एका रात्रीत पुरं झालं होतं.

"मावशी, ह्यो तुमाला."

"मला कशाला गं? मी काय इथली आरोपी आहे?"

"एकोनीस वर्सं हाईत की हितं. आमच्या समद्यांपेक्षा जास्त झाली तुमची."

सगळ्या खिदळल्या. उज्ज्वलाही हसली. तिने ईश्वरीच्या गालांवरून हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "बरं झालं बाई माझी. आता शाळा धर पुन्हा." ईश्वरी हसली. चार महिन्यांत ही मुलगी इतकी निवांत हसल्याचं उज्ज्वलाने पाहिलं नव्हतं.

सवयीप्रमाणे तिने कमरेच्या पिशवीतली टॅबलेटसारखी छोटी पाटी काढून पाहिली. ईश्वरीच्या नावापुढे अकरा होते. हिरवे.

हा आकडा म्हणजे चाहूल. मनगटावरच्या मऊ पट्ट्याचं नावही चाहूल आणि तो दाखवतो त्या आकड्याचंही. तीन वर्षांपूर्वी राज्यातल्या सगळ्या निरीक्षणगृहांमध्ये हे पट्टे आले. ते घेऊन आलेल्या मनोविकारतज्ज्ञ डॉ. संहिता पाटणकरांनी गृहमातांना अंगणात बसवून समजावलं होतं. नाडीच्या दोन ठोक्यांमधलं अंतर कधीच अगदी सारखं नसतं. मन मोकळं असलं की ते श्वासाबरोबर थोडं लांबतं, थोडं आखडतं. माणूस आतून सतत लढत असलं की ठोके घड्याळासारखे एका मापाचे पडायला लागतात. शिवाय तळहाताला येणारा बारीक घाम, पहाटे तीनला मोडणारी झोप, आवाजातला सपाटपणा, हे सगळं पट्टा टिपतो. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या हजारो मुलामुलींच्या नोंदी यंत्राला शिकवलेल्या होत्या. त्यांच्याशी पडताळून तो सांगतो की पुढच्या दोन दिवसांत ही मुलगी स्वतःच्या जिवाचं काही बरंवाईट करून घेण्याचा धोका किती. तीसच्या खाली हिरवा, साठच्या खाली पिवळा, त्यावर लाल.

उज्ज्वलाने त्या दिवशी नाक मुरडलं होतं. पण पट्ट्याने पहिल्याच वर्षी दोन पोरी वाचवल्या. दोघीही वरून हसतखेळत होत्या, कुणाला संशय आला नसता. खोटं कशाला बोला, तेव्हापासून उज्ज्वलाला रात्री झोप लागायला लागली.

हळूहळू बाकीचं घडत गेलं. आकडा आहे म्हटल्यावर सात गृहमातांच्या तीन झाल्या. समुपदेशक बाई पिवळ्या आणि लाल मुलींनाच भेटायला लागल्या, हिरवीला भेटायचं तर कुठल्या रकान्यात लिहायचं? मंडळापुढच्या तारखेत काय झालं ते पूर्वी गृहमातेला लगेच कळायचं. आता ते आपोआप अधीक्षकांच्या फायलीत जातं आणि मुलीचा आकडा चढला तरच गृहमातेच्या पाटीवर येतं, उगाच भार नको म्हणून. आणि आकडा लाल झाला की मुलीला काचखोलीत न्यायचं. एक गादी, एक कॅमेरा, दाराला जाड काच. धोक्याचं काही नाही आणि दुसरं माणूसही नाही. मुली पोलिसांना घाबरत नसत इतक्या काचखोलीला घाबरत.

ईश्वरी दोनदा काचखोलीत जाऊन आली होती. सोळा वर्षांची पोर. बाप गेल्यापासून मायलेकी चुलत्याच्या घरात. चुलत्याने तिची शाळा सोडवली आणि परस्पर लग्न ठरवलं. सुपारी फुटायची त्या दिवशी ईश्वरीने चुलत्याच्या कडब्याच्या गंजीला काडी लावली. पाव्हणे पळाले, लग्न मोडलं, तिथवर तिच्या मनासारखं झालं. पण वारा फिरला आणि गोठा पेटला. आत वासरी होती, तिनेच बाटलीने दूध पाजून वाढवलेली. चुलता, लग्न, पोलीस यांच्याबद्दल ईश्वरी कधी रडली नाही. वासरीचा विषय निघाला की मात्र तिचा आकडा पन्नासाच्या पुढे जायचा.

म्हणूनच अकरा पाहून उज्ज्वलाचा जीव भांड्यात पडला. ती तडक स्वयंपाकघरात गेली.

"शिरा टाका आज. पोर सुटली."

"बेदाणे घालू?" स्वयंपाकीणबाईंनी विचारलं.

"घाला की. काजू असले तर तेही घाला, साहेबांना मी सांगते."

मुली वर्गात गेल्यावर साडेदहाच्या सुमारास ती अधीक्षकांच्या खोलीत शिरली. कुलथे साहेब आठ महिन्यांपूर्वीच बदलून आले होते. माणूस वाईट नाही, पण नियमाच्या चौकटीबाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की त्याला घाम फुटायचा.

"साहेब, ईश्वरीचे कागद द्या. अंगठ्याचं वगैरे उरकून टाकते. आई कितीला येतेय तिची?"

"कोण, डोईफोडे?" कुलथेंनी चष्मा वर केला. "तिला कुठे सोडलंय?"

"म्हणजे?"

"अहो, काल दुपारी तारीख झाली ना तिची पडद्यावरून. मंडळ सोडायला तयार होतं, पण आईच नको म्हणाली. घरी नेऊ शकत नाही म्हणाली. पुढची तारीख तीन महिन्यांनी."

"आणि ईश्वरीला हे माहीत आहे?"

"समोरच तर बसली होती. काही तमाशा नाही, रडणं नाही. थँक्यू सर म्हणाली आणि गेली. मीही काळजीने दोनदा आकडा बघितला. संध्याकाळपासून खालीच येतोय. आज सकाळी तर अकरा. समजूतदार आहे हो मुलगी."

उज्ज्वलाचा हात कमरेला खोचलेल्या रुमालाकडे गेला. आदेश आलेला नाही. आई नको म्हणाली. आणि पोरीने तेलाच्या बाटलीपासून पायमोज्यांपर्यंत सगळं वाटून टाकलं.

"साहेब, तिने वस्तू वाटल्या."

"कसल्या वस्तू?"

समजावत बसायला वेळ नव्हता. पन्नाशी ओलांडल्यापासून उज्ज्वला जिना कठडा धरून, एकेक पायरी मोजून चढायची. त्या दिवशी ती गुडघ्यांना न विचारताच वर पोचली. पहिल्या मजल्यावर वर्गाच्या दारातून तिने नजर टाकली, ईश्वरीची जागा रिकामी होती. "सामान आवरायचंय म्हणाली," शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "जाऊ दिलं मी. सुटली ना ती?"

त्याच्या वरच्या मजल्यावर शयनगृहात खाटांच्या दोन रांगा होत्या आणि खिडकीजवळच्या खाटेवर ईश्वरी बसली होती. बसलेली, जिवंत, श्वास घेणारी. उज्ज्वला दाराची चौकट धरून क्षणभर नुसती तिच्याकडे बघत राहिली. पोरीने चादर सुरकुतीही न पडू देता घातली होती. पाय जुळवून, हात मांडीवर ठेवून ती स्टँडवर एसटीची वाट बघणाऱ्या बाईसारखी स्वस्थ बसली होती.

उज्ज्वला जाऊन तिला खेटून बसली. काय बोलायचं? कधीतरी एका प्रशिक्षणात सांगितलं होतं की सरळ विचारा, विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार नव्याने शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. एकोणीस वर्षांत तिला ते कधी जमलं नव्हतं. आपल्या तोंडून तो शब्द निघाला आणि काही झालं तर, अशी तिला भीती वाटायची. आज भीती दुसऱ्या बाजूला जास्त होती.

"ईश्वरी," ती म्हणाली, "जीव द्यायचं ठरवलंयस का तू?"

खालच्या वर्गातून पाढे म्हणण्याचा आवाज येत होता. ईश्वरी मनगटाकडे बघत म्हणाली, "पट्टा तर हिरवा हाय."

"हो, हिरवा आहे."

"मग तुमाला कुनी सांगितलं?"

"तूच सांगितलंस. सुटल्याशिवाय कुणी टोपी वाटतं का गं इथे? मला आत्ता खाली गेल्यावर कळलं आदेश आलाच नाही म्हणून." उज्ज्वलाला आता स्वतःचाच राग यायला लागला होता. "आणि मी गाढव! तुझी दृष्ट काढली. शिरा करायला सांगितला खाली."

"शिरा?"

"बेदाणे घालून. काजूसुद्धा."

ईश्वरीने तिच्याकडे पाहिलं. तिच्या ओठांचा कोपरा हलला, हसूच होतं ते, पण अर्ध्यावर त्याचं काय झालं कोण जाणे. चेहरा एकदम वेडावाकडा झाला आणि ती उज्ज्वलाच्या मांडीत कोसळली. असं रडणं उज्ज्वलाने फार वर्षांत ऐकलं नव्हतं. आवाज छातीतून नाही, पार पोटातून येत होता.

"आई न्हाई म्हनली मावशी," ती हुंदक्यांमधून म्हणत होती. "माझ्याकडं बघून न्हाई म्हनली. दोन म्हैनं मी रोज भांडत हुते मनासंगं. जगावं का नगं, जगावं का नगं. काल ती न्हाई म्हनली आन् भांडनच मिटलं. समदं शांत झालं. लई दिसांनी झोप लागली मला. वाटलं, आता बास."

"आणि मी चार दिवस तुझ्याशी बोलले नाही," उज्ज्वला म्हणाली. "आकडा बघायचा आणि पुढे जायचं. चुकलं माझं, ईश्वरी. तू बोल आता. मी कुठेही जात नाही."

पिशवीत पाटी थरथरली. उज्ज्वलाने एका हाताने ती काढून पाहिली. चौतीस. मग बावन्न. मग एकाहत्तर, आणि पाटीचा पडदा लालभडक झाला. तीन वर्षं हा रंग दिसला की ती हातातलं काम टाकून धावायची. आज पहिल्यांदा तो बघून तिला बरं वाटलं. का ते तिला शास्त्रात सांगता आलं नसतं. पोर मगाशी एकटीच कुठेतरी लांब निघून गेली होती, ती परत हाताला लागली होती, एवढंच तिला कळत होतं.

जिन्यावर बुटांचा आवाज आला. कुलथे आणि त्यांच्यामागे महिला रक्षक, दोघंही धापा टाकत.

"लाल झालाय! बनसोडेबाई, उठा. काचखोलीत हलवू तिला."

मांडीतली ईश्वरी लाकडासारखी ताठ झाली.

"नाही," उज्ज्वला म्हणाली.

"नाही म्हणजे? नियम आहे."

"साहेब, अकरा होता तेव्हा पोर मरायला निघाली होती आणि आपण शिरा ढवळत होतो. आता ती रडतेय, बोलतेय, तर तिला उचलून काचेमागे टाकू? तिथे तिचा हात कोण धरणार, कॅमेरा?"

"आणि काही झालं तर? चौकशी माझी होईल. माझी नोकरी जाईल, बाई."

"माझीही जाईल. पाटणकर डॉक्टरबाईंना फोन लावा. त्या म्हणाल्या काचखोली, तर मी स्वतः घेऊन जाते. आणि मीही आत बसते."

कुलथेंनी फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला. उज्ज्वलाने झालं ते चार वाक्यांत सांगितलं.

"काल संध्याकाळपासून आकडा सतत उतरत गेला?" डॉ. पाटणकरांनी विचारलं. "वाईट बातमी मिळाल्यानंतर?"

"हो."

"माझ्याकडे अशा नोंदी होत्या," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता. "यंत्राला शिकवताना काही मुलांचे शेवटचे तास इतके शांत निघाले, की आम्ही म्हटलं पट्टा बिघडला असणार. मी त्या वगळल्या. मीच वगळल्या."

कुलथेंनी उज्ज्वलाकडे पाहिलं.

"पट्टा झुंज मोजतो," डॉक्टर सांगत होत्या. "माणूस जगण्यासाठी आतल्या आत जी ओढाताण करतं ना, ती. झुंज संपली की आकडा उतरतो. ती कुठल्या बाजूने संपली हे त्याला कळायचा काही मार्ग नाही. आत्ता लाल झालाय म्हणजे ती पुन्हा लढतेय. ऐका, धोका टळलेला नाही, पण दार उघडलंय. मी निघते, दीड तासात पोचते. तोवर तिला एक क्षणही एकटी सोडू नका. आसपास धोक्याचं काही असेल ते हलवा. काचखोली अजिबात नको."

फोन बंद झाला. कुलथेंनी घाम पुसला, नियमांची वही काढली आणि उभ्या उभ्या लिहिलं की मुलीस माझ्या जबाबदारीवर शयनगृहातच ठेवत आहे. मग त्यांनी कोपऱ्यातली खुर्ची ओढली, दाराशी ठेवली आणि तिच्यावर बसले. "मी इथे आहे," ते कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले. उज्ज्वलाने त्या माणसाबद्दल आठ महिन्यांत जे जे म्हणून ठेवलं होतं, त्यातलं निम्मं मनातल्या मनात मागे घेतलं.

बाराला वर्ग सुटला आणि मुली वर आल्या. दारात अधीक्षक, मावशीच्या मांडीत ईश्वरी, डोळे सुजलेले. फार सांगावं लागलं नाही. अशा जागेतल्या पोरींना काही गोष्टी न सांगता कळतात. अल्फियाने पेटीतून तेलाची बाटली काढली आणि ईश्वरीच्या उशाशी आपटली.

"सुटली नाहीस आणि वाटतेस? अपशकुनी कुठली. आम्हाला काय इथेच कुजवायचंय?"

मग ती खाटेवर चढून ईश्वरीच्या मागे बसली आणि रागारागाने तिची वेणी सोडून पुन्हा घालायला लागली. शिरा खालीच गार झाला. तो संध्याकाळी सगळ्यांनी खाल्ला, कारण काजू घातलेला शिरा टाकून देण्याइतकी उदास एकही मुलगी त्या गृहात नव्हती.

डॉ. पाटणकर सांगितल्या वेळेआधी पोचल्या आणि अडीच तास ईश्वरीजवळ बसल्या. दोघींनी मिळून एका कागदावर लिहून काढलं की असे विचार पुन्हा आले, आणि ते येतील, तर काय करायचं. पहिल्यांदा कुणाला उठवायचं, ती नसेल तर कुणाला, कुणाला फोन. औषध ठरलं, रोज भेटायचं ठरलं. यादीत पहिलं नाव उज्ज्वलामावशीचं होतं, दुसरं अल्फियाचं. तिसरं ईश्वरीला सुचेना. डॉक्टरांनी ती ओळ रिकामीच ठेवली.

दरम्यान उज्ज्वला कार्यालयात फोन घेऊन बसली होती. ईश्वरीची आई तिसऱ्या खेपेला लागली. उज्ज्वलाने ठरवलं होतं की या बाईला चांगलं फैलावर घ्यायचं. पण नाव सांगताक्षणी पलीकडची बाई कुजबुजली, "थांबा, रानात जाते," आणि बराच वेळ चपलांचा आवाज येत राहिला.

"काल तुम्ही नाही का म्हणालात?" उज्ज्वलाने विचारलं.

"भाऊजी म्होरंच हुभं हुतं ताई. फोनच्या पल्याड. त्या साहेबास्नी माझं त्वांडच दिसत हुतं निस्तं." आईचा आवाज फुटला. "व्हय म्हनले असते तर पोरगी आली असती त्याच घरात. पुन्यांदा त्येच लगीन लावलं असतं त्यानं. तिला हितं आननार न्हाई, असं म्हनायचं हुतं मला. तेवडंच म्हनता आलं. ती रडली का हो?"

उज्ज्वलाने डोळे मिटून घेतले. पडद्यावर तोंड दिसलं, माणसं दिसली नाहीत. मनगटावर नाडी दिसली, पोरगी दिसली नाही. "रडली," ती म्हणाली. "आज रडली. तुम्ही रविवारी या. एकट्या या. आणि भावजींना जाब द्यायची वेळ आली तर मंडळाचा नंबर देते, तो त्यांच्या हातात ठेवा."

पुढच्या आठवडाभरात बरंच काही हललं. डॉ. पाटणकरांनी वगळलेल्या नोंदी पुन्हा उघडल्या आणि चाहूलला नवं काही शिकवायला घेतलं. आकडा एकाएकी उतरला की पाटीवर आता एवढंच येतं: जाऊन बसा. तिच्याशी बोला. हरणवाडीची काचखोली कुलथेंनी स्वतःच्या अखत्यारीत बंद केली, त्याबद्दल वरून आलेल्या पत्राला ते अजून उत्तर लिहीत आहेत. मंडळाने सगळी हकिगत ऐकून तारीख अलीकडे घेतली. आणि उज्ज्वला सकाळच्या फेरीला पाटी कपाटात ठेवून निघते. सगळ्या मुलींशी बोलेपर्यंत अकरा वाजतात, मग दिवसभराची कामं तुंबतात, आणि मग ती सगळ्यांवर डाफरते. मुलींना डाफरणारी मावशी सवयीची आहे.

रविवारी ईश्वरीची आई पहिल्या एसटीने आली. किडकिडीत बाई, पदर घट्ट धरलेला. भेटीच्या खोलीत ती बाकाच्या अगदी कडेला टेकली. उज्ज्वला वर सांगायला गेली तर ईश्वरी भिंतीकडे तोंड करून बसलेली.

"मी येनार न्हाई. बसू दे तिला."

उज्ज्वला खाली येऊन म्हणाली, "चिडलीय हो."

"चिडू दे की," आई म्हणाली. "सांजच्या गाडीपत्तुर बसते मी."

तासभर ती तशीच बसून राहिली. पाणीदेखील प्यायली नाही. मग जिन्यावर पावलं वाजली आणि ईश्वरी दारात आली. नाक लाल, जबडा आवळलेला. आई उठली, पण पुढे यायचं धाडस तिला होईना.

"बार्शीला खोली बगितली," ती एका दमात म्हणाली, पाठ करून आल्यासारखी. "डाळ मिलमधी काम मिळालंय. साळा जवळच हाय. भाऊजीला सांगून आले, ल्येक माजी हाय, मी बगीन काय ते. साहेब म्हनले तारकेला मी एकलीनंच यायचं. ईसू, मी येनार हाय."

ईश्वरीने दाराची चौकट धरली. उज्ज्वलाला वाटलं, आता ही मागे फिरणार.

"मी मरनार हुते, आई," ईश्वरी म्हणाली. "मंगळवारी."

दोन पावलांत आईने खोली ओलांडली आणि लेकीला धरलं. एवढ्याशा बाईच्या अंगात इतकी ताकद कुठून आली होती कोण जाणे, ईश्वरीचा श्वास कोंडला, ती धडपडायला लागली.

"आगं सोड! आई! दुकतंय मला!"

"दुकू दे," आई म्हणाली आणि तिने आणखी घट्ट धरलं. "दुकू दे."